वेगळं ताट

पत्राचा सारांश: नाशिकच्या एका वाचक भगिनी, वय ५८. बरीच वर्षं हिमोग्लोबिन आठ-नऊच्या वर सरकत नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, सलाईनमधून लोह देऊन झालं. शेवटी रक्ततपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेल्या आतड्याच्या तुकड्यावरून सिलिॲक रोगाचं, म्हणजे गहू न सोसणाऱ्या आतड्याच्या आजाराचं, निदान झालं. चार महिन्यांपासून पोळी बंद आहे. सुनेनं सासूबाईंसाठी वेगळे डबे आणि वेगळा तवा काढून त्यांवर लाल पट्ट्या चिकटवल्या. "घरात मीच ओवळी झाले," असं त्या लिहितात. यजमानांच्या मते हे हल्लीचं फॅड आहे. श्रावणात सत्यनारायणाचा चमचाभर शिरा खाल्ला, तर काही झालं नाही. पाच वर्षांचा नातू आपल्या ताटातला घास भरवतो, त्याला नाही म्हणवत नाही. चार महिन्यांनंतरच्या तपासणीत रक्तातला सिलिॲक दाखवणारा आकडा (टीटीजी; हिमोग्लोबिन नव्हे) मात्र जवळपास होता तिथंच आहे. त्यांच्या हातची पुरणपोळी सगळ्या नातेवाइकांत नावाजलेली. त्या विचारतात: या वयात एवढं कडक कशाला? हळूहळू कमी केलं तर चालणार नाही का? आणि २०२७ च्या सिंहस्थात घर पाहुण्यांनी भरेल, तेव्हा कुणाकुणाला सांगत बसू?

ताई,

तुमचं चार पानी पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त थांबले ती एका छोट्या वाक्यापाशी. 'शिरा खाल्ला, काही झालं नाही.' काही झालं नाही हे कशावरून ठरवलंत? पोट दुखलं नाही, जुलाब झाले नाहीत, यावरूनच ना? पण तुमचं पोट आधी तरी कुठं दुखत होतं? इतकी वर्षं तुमची तक्रार होती थकव्याची, केस गळण्याची, गॅलरीत कपडे वाळत घालतानाही धाप लागण्याची. पोटानं कधी हू की चू केलं नाही, म्हणून तर निदानाला एवढा उशीर झाला. आता एका चमच्याची चुगली ते करेल, अशी अपेक्षा आपण का करावी?

मी डॉक्टर नाही, पण तुमच्या गोळ्या का लागू पडत नव्हत्या ते साध्या शब्दांत सांगता येईल. लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. अन्नातलं सत्त्व ती ओढून घेते. सिलिॲक असलेल्या माणसाच्या शरीरात ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, गेलं की शरीराचीच संरक्षक यंत्रणा या लवेवर उलटते आणि ती झिजून सपाट होते. सगळ्यात जास्त मार बसतो आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागाला, आणि लोह शोषून घेण्याचं काम नेमकं त्याच भागाचं. गोळ्या पोटात जात होत्या, रक्तात उतरत नव्हत्या. दोष ना गोळ्यांचा, ना तुमच्या खाण्याचा. 'पालेभाजी खात जा' असं इतकी वर्षं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मात्र मला मनापासून वाईट वाटलं.

आता 'हळूहळू कमी केलं तर?' हे मिठासारखं किंवा साखरेसारखं नाही, की निम्मं केलं तर निम्मा फायदा. एका पोळीत साधारण दोन-अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम पोटात गेलं तरी काही महिन्यांत आतड्याला इजा होते, हे तपासून पाहिलेलं आहे. म्हणजे पोळीचा पन्नासावा भाग, नखाएवढा तुकडा. नातू भरवतो तो घास याहून मोठा असतो.

'या वयात कशाला' हे वाचून मी जरा चिडलेच. याच वयात. पाळी गेल्यावर बाईची हाडं तशीही ठिसूळ होऊ लागतात. तुमच्या आतड्यानं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही नीट घेतलेलं नसणार. हाडांची घनता मोजायची डेक्सा तपासणी झाली आहे का, ते पत्रात नाही. झाली नसेल तर डॉक्टरांकडे विषय काढा. बी-१२ आणि थायरॉईडचंही विचारा. घसरून मांडीचं हाड मोडलं की घरातल्या चालत्याबोलत्या बायकांचं काय होतं ते आपण दोघींनी पाहिलंय.

यजमानांना सांगा की फॅड आहे ते धडधाकट माणसांनी वजन उतरवायला ग्लुटेन सोडण्याचं. हा आजार जुनाच. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धामुळे तिथं पाव मिळेनासा झाला आणि बाकीची मुलं भुकेनं खंगत असताना या आजाराची मुलं सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. आपल्याकडेही, उत्तर भारतात शंभरात एखाद्याला हा आजार सापडतो. दक्षिणेकडे प्रमाण बरंच कमी आहे.

आता तुमच्या तपासणीच्या आकड्याकडे येते. चार महिन्यांत तो पूर्ण उतरत नाही, वर्षसुद्धा लागू शकतं. पण उतरणीला तरी लागायला हवा होता. तुम्ही लिहिता, पोळी बंद आहे, प्रसाद आणि नातवाचा घास सोडला तर काहीच चुकत नाही. मला तसं वाटत नाही. ताई, तुम्ही पोळी सोडलीत, गहू अजून सुटलेला नाही.

पहिला संशय गिरणीवर. दळण टाकायला गेल्यावर तुम्हीच विचारत असाल, "आत्ता कशावर चाललंय?" गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी. गव्हाच्या दळणात बाजरी उतरली तर पोळ्या काळपट होतात, म्हणून आपण सगळ्या जपतो. म्हणजे आधीच्या दळणाचं पीठ जात्यात राहतं हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक आहे. फक्त आपण ते गव्हाच्या बाजूनं पाहत आलो. तुमची ज्वारी गव्हावर पडली की भाकरी उलट छान पांढरी, चिवट होते, कुणाची तक्रारच नसते. शिवाय गिरणीत पीठ हवेतही उडत असतं आणि चाळण सगळ्यांना एकच.

यावर उपाय म्हणजे घरघंटी, पण तिच्यात गहू एकदाही दळायचा नाही. घरात आधीची घरघंटी असेल आणि तिच्यात कणीक दळली जात असेल, तर ती तुमच्यासाठी बाद. सध्या खर्च नको असेल तर तांदूळ आणि नागली धुऊन, वाळवून मिक्सरच्या वेगळ्या भांड्यात दळा आणि वेगळ्या चाळणीनं चाळा. पीठ थोडं रवाळ येतं, पण उकड काढली तर भाकरी होते. सुट्या धान्यात गव्हाचे दाणे सापडतात, ते निवडायला मात्र तुमच्याइतका तरबेज डोळा सुनेकडे नसेल.

दुसरा संशय हिंगावर. बाजारात मिळतो तो बहुतेक हिंग मिश्र असतो, डिंकाबरोबर पीठ घातलेला, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. रोजच्या आमटीत, भाजीच्या फोडणीत, ताकात, म्हणजे दिवसातून तीनदा. चिमूट लहान, पण रोजची. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत घटक दिलेले असतात. गहू किंवा मैदा लिहिलेला असेल तर तो डबा शेजारी देऊन टाका. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो.

मग मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी, दोन्हींत बहुतेक घरी मूठभर गहू भाजून घालतात. सातूच्या पिठात गहू, आणि सातू म्हणजे जव घेतला तरी त्यातही ग्लुटेन आहेच. कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच. तुम्ही लिहिलंय, 'पोळीऐवजी भातावर कुरडई तळून घेते.' तिथं मी डोक्याला हात लावला! सोया सॉस, माल्ट घातलेली दुधाची पावडर, सणाला शंकरपाळ्या तळलेल्या तेलात नंतर तळलेले पापड, हे सगळं त्याच यादीतलं. खपली गहू चालतो असं कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल, सांगितलंही असेल. मधुमेहाचं काय ते वेगळं, पण सिलिॲकला खपली हा गहूच.

आणि आता लाल पट्ट्या. तुमचं दुःख मला समजतं. ज्या स्वयंपाकघरात तुम्ही तीस-पस्तीस वर्षं राज्य केलं, तिथं तुमचाच डबा कोपऱ्यात आणि त्यावर धोक्याची खूण. पण सुनेचा हेतू तुम्हालाही खटकलेला नाही. पत्रात तुम्हीच लिहिलंय की ती रात्री जागून आजाराबद्दल वाचते. चूक फक्त पट्टी कुठं लावायची यात झाली. पट्टी गव्हाच्या डब्यांना लावा.

ही नुसती मानापानाची गोष्ट नाही, सोयीचीही आहे. तुमच्या घरात रोज जे शिजतं त्यातलं किती गव्हाचं? पोळी. भात, वरण, आमटी, उसळ, भाजी, कोशिंबीर, चटणी, ताक, यातल्या कशातच गहू नाही, हिंग बदलला की झालं. म्हणजे वेगळं शिजवायची गरज तुम्हाला नाहीच. वेगळी करायची ती पोळी. ओट्याचा एक कोपरा तिला द्या. तिथंच परात, पोळपाट-लाटणं, तवा, पोळ्यांचा डबा आणि तिथलंच फडकं. बाकीचा सगळा ओटा तुमचा. तुमच्यासाठी पोळपाट-लाटणं मात्र नवंच घ्या, लाकडात पीठ मुरलेलं असतं आणि धुऊन जात नाही. स्टीलची भांडी नीट घासली की पुरे. पोळी आधी लाटायची असेल तर ती उरकून, ओटा ओल्या फडक्यानं पुसून मगच भाकरीला हात घाला. कोरड्या फडक्यानं पीठ फक्त इकडचं तिकडं होतं.

ओवळं हा शब्द तुम्ही वापरलात म्हणून सांगते. सोवळ्याचा इतिहास काही मिरवावा असा नाही. त्यानं माणसं दूर ठेवली, आणि दर महिन्याला घरातल्या बायकाही. पण लोणच्याच्या बरणीत ओला चमचा जाऊ न देण्याची आणि उपासाच्या कढईला इतर कशाचा हात लागू न देण्याची सवय ज्या हातांना आहे, त्यांना ही शिस्त नवी नाही. एकादशीच्या दिवशी तुम्ही जे स्वयंपाकघर चालवता, तेच रोज चालवायचं आहे. फक्त भात-भाकरी खायची मुभा ठेवून.

अहो, आणि नाशिककरांनी गव्हावाचून अडून बसावं हे मला जरा गमतीचंच वाटतं. भगरीच्या गिरण्या आपल्या गावात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडे नागली पिकते, घोटी-इगतपुरीचा तांदूळ नावाजलेला, येवला-नांदगावकडे बाजरी. तुमच्या आजीच्या घरी रोज पोळी होत होती का, आठवून पाहा. पुष्कळ घरांत गहू सणावारी आणि पाहुण्यांसाठीच असायचा. बाजारातली ग्लुटेन-फ्री बिस्किटं प्रवासापुरती ठेवा, त्यांत साखर आणि तेलच जास्त. पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असलं पाहिजे, असा आपल्याकडे नियम आहे. नुसतं 'मिलेट' किंवा 'मल्टिग्रेन' लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका, आत बहुधा गहू निघतो.

सुनेला एक निरोप द्या. घरातला गहू सरसकट बंद करायचा तिचा विचार आहे, तो थोडे दिवस लांबवावा. हा आजार रक्ताच्या नात्यात चालतो. आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात साधारण दहातल्या एकाला निघतो. तुमचा मुलगा आणि तुमची भावंडं यांची रक्ततपासणी व्हायला हवी, आणि नातवाचं बालरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा. ती तपासणी गहू खात असतानाच करायची असते. आधीच सोडला तर आजार असूनही अहवाल चांगला येतो आणि सगळे गाफील राहतात.

नातवाचा घास. मोठ्यांना जे समजावून सांगावं लागतं ते मुलं खेळ म्हणून शिकतात. घास भरवायचा तो आजीच्या ताटातला, एवढा एकच नियम करा. बाजरीची गरम भाकरी, वर लोणी आणि गुळाचा खडा असं तुमच्या ताटात असलं की तोच तुमच्या ताटाशी येऊन बसेल.

आता देवाचं. सत्यनारायणाचा प्रसाद नाकारायचा नाही हे तुमचं म्हणणं मला मान्य. पण पोथी पुन्हा एकदा वाचा. नैवेद्यात केळी, तूप, दूध आणि गव्हाचं पीठ सांगितलंय, आणि लगेच पुढे, गव्हाचं नसेल तर तांदळाचं, साखर नसेल तर गूळ. ही सोय पोथीनंच करून ठेवली आहे. पुढच्या वेळी तुमच्या घरचा प्रसाद तांदळाच्या रव्याचा करा, सव्वाच्या मापानं, केळं घालून. सगळ्यांनाच तो द्या. दुसऱ्यांच्या घरी प्रसाद हातात घ्या, कपाळाला लावा आणि शेजारच्याला द्या. केळं किंवा पेढा असेल तर तो खा.

पाहुण्यांना किती सांगायचं? माझ्या मते फारच थोडं. सिलिॲक, आतडं, लव हे काही सांगू नका, सांगितलं की दहा प्रश्न आणि पंधरा काढे. 'डॉक्टरांनी गहू बंद केलाय' एवढ्या चार शब्दांवर थांबा. आपल्याकडे डॉक्टरांनी बंद केलेल्या गोष्टीचा आग्रह सहसा होत नाही, आवडत नाही म्हटलं की मात्र होतो. कुणी 'इतकुसं खा, काही होत नाही' म्हटलं तर हसून पाणी प्या. लग्नाला जाताना घरून खाऊन निघा, तिथं साधा भात-वरण आणि ताक घ्या, तेही फोडणीच्या हिंगाचा भरवसा असेल तर. हॉटेलातल्या ज्वारीच्या भाकरीत मोडू नये म्हणून कणीक मिसळलेली असू शकते, तेव्हा ती नको. मिसळीवर तुम्ही हळहळला आहात! पावाशिवाय नुसती उसळ-तर्री दह्याबरोबर खाता येते, पण फरसाणात मैद्याचं काहीतरी असतंच. ती घरी करा, वर बेसनाची घरची शेव आणि शेजारी उडदाचा पापड.

सिंहस्थाला माणसं येतील तेव्हा पोळ्या बाहेरून मागवा. त्या घरात लाटल्या जाण्यापेक्षा बरं.

राहिली पुरणपोळी. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, 'आता होळीला कुणी मला विचारणारही नाही.' मला वाटतं, या आजारातलं तुमचं खरं दुखणं हे आहे, आणि आतड्याइतकंच त्याच्याकडेही पाहायला हवं. पण लोक पुरणपोळीचं नाव काढतात ते पुरणासाठी की कणकेसाठी? डाळ किती शिजली की उतरवायची, गूळ कधी घालायचा, जायफळ किती किसायचं, उलथनं पुरणात न कलंडता उभं राहिलं की गॅस बंद, हे सगळं तुमच्या हातात आहे, आणि त्यात गव्हाचा कणही नाही. ते तुम्ही करा. कणीक तिंबणं आणि लाटणं सुनेला शिकवा, पण तिच्या हाताशी उभं राहून नाही. पीठ उडतं, तुम्ही दाराशी खुर्ची टाकून बसा आणि तिथून ओरडा. पुरण भरताना डावही तिचा वेगळा, तुमच्या वाट्याचं पुरण आधीच झाकून ठेवलेलं.

त्या झाकलेल्या पुरणाचं काय करायचं तेही सांगते, मी दोनदा केलंय. वाटीभर तांदळाच्या पिठाला वाटीभर पाणी, चिमूट मीठ, चमचाभर तूप आणि एक सपाट चमचा इसबगोल. मोदकासारखी उकड काढा, गरम असतानाच तूप-पाण्याच्या हातानं खूप मळा. पुरण नेहमीपेक्षा थोडं घट्ट आणि निम्मंच भरा. लाटण्यापेक्षा केळीच्या पानावर थापा, तळहाताएवढीच, आणि पानासकट तव्यावर उलटी टाकून मग पान सोडवा. पहिल्या दोन फाटतात. तिसरी जमते. तिच्यावर तूप मात्र भरपूर घाला.